पंचवीस मार्कांची नाग नदी

मागच्या रविवारी बहीण आणि भाऊजी घरी जेवायला आले होते. भाची यंदा बी.एस्सी. झाली. वरण-भात संपता संपता तिने विषय काढला, "मामा, मी एन्व्हायर्न्मेंटल सायन्समध्ये एम.एस्सी. करू का?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊजी बोलले, "नाली साफ कराले एम.एस्सी. कायले पाहिजे? आणि झाडं लावाले तर डिग्रीच नाही लागत."

सगळे हसले. मी पण हसलो. पोरगी तेवढी हसली नाही. रात्री झोप येईना तेव्हा वाटलं, भाऊजींचं काय चुकलं? वीस वर्षं महालात राहून पत्रकारिता करणाऱ्या माझ्यासारख्यालाच हा विषय काय आहे ते धड माहीत नाही, तर टायरच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने काय बोलावं? म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

मंडळी, आधी एक गोष्ट सांगतो. हा विषय आपल्या शहरात परका नाही. देशभर ज्याला आज पर्यावरणशास्त्र म्हणतात, त्याचं एक मोठं घर आपल्या नागपुरात आहे. गांधी गेटपासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचाल. पण त्याआधी पावणेदोनशे वर्षं मागे जाऊ.

१८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला. तेव्हा गादीवर भोसले होते आणि राजवाडा इथेच, आपल्या महालात. हिस्लॉपचं काम धर्मप्रचाराचं आणि शाळेचं. पण या माणसाला दगडांचं वेड. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याला घेऊन तो नागपूरच्या आजूबाजूच्या टेकड्या पायी पालथ्या घालायचा. टाकळीजवळ त्यांना जीवाश्म सापडले, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शंख-शिंपल्यांचे, झाडा-बियांचे दगड झालेले अवशेष. नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना एका ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडून गेला. पुढे १८८३ मध्ये त्याच्या नावाने कॉलेज सुरू झालं. ते आजही आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथे शिकले.

हिस्लॉपचं नाव इथे एवढ्यासाठी घेतलं की त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पाय होते, वही होती, आणि जे दिसलं ते लिहून ठेवायची सवय होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आता शंभर वर्षं पुढे या. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६. दिल्लीत काविळीची साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. कारण काय होतं? पुरानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या पाणीपुरवठा केंद्राजवळ, जिथून शहरासाठी पाणी उचलतात तिथपर्यंत, आलं. केंद्रातल्या लोकांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइड-हगवण वाढली नाही, म्हणजे जिवाणू मेले. पण काविळीचा विषाणू तरून गेला. तो हिपॅटायटीस ई होता, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळलं. देशाच्या राजधानीत, नळाचं शुद्ध केलेलं पाणी पिऊन एवढे लोक आजारी पडले. पाणी डोळ्याला स्वच्छ दिसलं म्हणजे स्वच्छ असतंच असं नाही, आणि ते समजायला रसायनशास्त्र, जीवशास्त्र, अभियांत्रिकी तिन्ही एका टेबलावर बसावी लागतात, हा त्या साथीचा धडा.

त्या काळात देशापुढचे प्रश्न असेच होते. पिण्याचं पाणी, सांडपाणी, साथीचे रोग. १९५८ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने नागपुरात सेंट्रल पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. नावात 'पर्यावरण' हा शब्दसुद्धा नाही बघा. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी! म्हणजे झाडं-फुलपाखरांच्या आधी हा विषय नळाचा, गटाराचा आणि लेकराच्या पोटाचा होता.

मग जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. तिथे इंदिरा गांधी बोलल्या, गरिबी आणि प्रदूषण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत असा त्यांचा रोख होता. परत आल्यावर देशात कायद्यांची रांग लागली. १९७४ मध्ये पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा आला. त्यात महाराष्ट्र तर आणखी पुढे, आपल्या राज्याने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा करून १९७० मध्ये प्रदूषण मंडळ उभं केलं होतं. १९७४ मध्येच नागपूरच्या त्या संस्थेचं नाव बदलून नॅशनल एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट झालं. हीच आपली 'नीरी'. त्याच वर्षी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचं स्वतंत्र स्कूल निघालं. विद्यापीठात हा विषय आपल्या पायावर उभा राहायला लागला तो असा.

नीरीने काय केलं, असं विचाराल तर दोन उदाहरणं देतो. पहिलं आपल्या घरातलं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या अनेक गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं वाकतात. असाच त्रास असलेल्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने नीरीची एक पद्धत ओळखली जाते. पाण्यात चुना आणि तुरटी मोजून टाकायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. वीज लागत नाही, घरच्या बादलीतसुद्धा होतं. दुसरं उदाहरण कोर्टातलं. ताजमहालाच्या संगमरवराला आजूबाजूच्या कारखान्यांच्या धुराने धोका आहे, हा खटला सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि ३० डिसेंबर १९९६ ला निकाल लागला. त्या निकालाला ज्या अहवालांचा आधार होता त्यात नीरीचे अहवाल होते. आग्र्याच्या ताजमहालासाठी नागपूरच्या संस्थेने मोजमाप केलं, आणि आपल्या घराघरांत नीरी म्हणजे काय तर 'ते वर्धा रोडकडचं मोठं कंपाउंड'.

आता कॉलेजकडे येतो, कारण भाचीचा प्रश्न तिथला आहे.

भोपाळ १९८४ मध्ये झालं. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. पण लोकांना काही माहीतच नसेल तर कायद्याचा उपयोग काय? हा मुद्दा घेऊन वकील एम. सी. मेहता सुप्रीम कोर्टात गेले. २२ नोव्हेंबर १९९१ ला कोर्टाने सांगितलं की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा करा, विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना तसं कळवावं. कागद हलायला किती वेळ लागावा? बारा वर्षं! मेहतांना परत कोर्टात जावं लागलं. १८ डिसेंबर २००३ ला कोर्टाने पुन्हा ठणकावलं, आणि २००४-०५ च्या सत्रापासून आर्ट्स असो, कॉमर्स असो, सायन्स असो, प्रत्येक पदवीला पर्यावरणाचा पेपर आला. त्यासाठीचं पुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. भरुचा मुळात सर्जन, पण आयुष्य जंगलात आणि पर्यावरण शिक्षणात घालवलेला माणूस.

मी बी.ए. झालो २००१ मध्ये, म्हणजे माझ्या वाट्याला हा पेपर आला नाही. माझ्या धाकट्या भावाच्या आला.

आता नीट ऐका, पोस्टचा खरा मुद्दा इथे आहे. आयोगाचा तो अभ्यासक्रम आठ घटकांचा होता. पन्नास तास. शेवटचा, आठवा घटक म्हणजे फील्ड वर्क, पाच तासांचा. त्यात लिहिलं होतं की विद्यार्थ्यांनी जवळची नदी, जंगल, टेकडी, गवताळ भाग यांपैकी काहीतरी जाऊन पाहावं, नोंदवावं. जवळच्या प्रदूषित जागेला भेट द्यावी. साधे पक्षी, कीटक, झाडं ओळखावीत. आणि शंभरपैकी २५ मार्क या फील्ड वर्कला. चांगला विचार होता. म्हणजे कोणीतरी दिल्लीत बसून हिस्लॉपची आठवण ठेवली म्हणा ना.

महालातल्या पोरांना तर प्रदूषित जागा शोधायला बसचं तिकीटसुद्धा लागत नाही. नाग नदी चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

भावाने काय केलं? सिनिअरची वही आणली आणि एका रात्रीत उतरवली. मी ती वही पाहिली आहे. 'स्थळ : नाग नदी. पाण्याचा रंग : काळसर. वास : दुर्गंधीयुक्त. कारणे : लोकसंख्यावाढ, प्लास्टिक. उपाय : जनजागृती करणे.' खाली लाल पेनाची टिक, पंचवीसपैकी एकवीस. भेटीची तारीख होती पोळ्याची. पोळ्याला कॉलेज बंद! मी त्याला विचारलं, "अबे, त्या दिवशी तर तू घरी पुरणपोळ्या हाणत होता." तो म्हणाला, "दादा, सगळ्या वर्गाची तारीख तीच आहे." कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ते एकट्याचं पाप नव्हतं. त्या काळात तयार प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात मिळायचे आणि मी, पत्रकार असून, त्याची बातमी केली नाही. मलाही ते चालूनच गेलं.

नदीबद्दल दोन शब्द. लाव्हाच्या टेकड्यांतून नाग निघते. १८७० मध्ये शहराला पाणी मिळावं म्हणून तिच्यावर अंबाझरीचा तलाव बांधला. तिथून सीताबर्डीच्या बाजूने जुन्या नागपुरात येते, अशोक चौकाकडून पूर्वेला जाते. शहरातून साधारण सतरा किलोमीटर वाहते. पुढे कन्हान, मग वैनगंगा, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण. म्हणजे आपण बडकस चौकात जे फ्लश करतो ते शेवटी भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या आणि मासेमाराच्या दारात जातं. आपल्या शहराचं नावच या नदीवरून पडलं असं आपण अभिमानाने सांगतो, आणि बोलताना तिला 'नाला' म्हणतो. मीसुद्धा बातमीत कितीदा 'नाग नाला' लिहिलं आहे.

माझी स्वतःची एक लाज सांगतो. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी नदी सफाईची प्रेस नोट यायची, इतके टिप्पर गाळ काढला म्हणून. मी आकडा छापायचो. एकदा बातमी वाचून एका निवृत्त शास्त्रज्ञांचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, गाळ मोजला ते ठीक. पाणी मोजलं का? बीओडी किती आला?" मी म्हणालो, "सर, विचारून सांगतो." खरं म्हणजे बीओडी म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं. प्रश्नच माहीत नसेल तर माणूस अधिकाऱ्याला विचारणार काय?

त्यांनीच मग समजावलं, फोनवर, अर्धा तास. पाण्यात घाण असली की जिवाणू ती खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. जितकी घाण जास्त तितका ऑक्सिजन जास्त खर्च. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून ठेवायचा, आपल्याकडच्या मानकानुसार २७ अंशांवर तीन दिवस, आणि आधी-नंतरचा ऑक्सिजन मोजायचा. फरक म्हणजे बीओडी. आंघोळीलायक नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर पाहिजे. बस्स, एवढंच. एवढं मला आधी कळलं असतं तर त्या टिप्परच्या बातम्या मी वेगळ्या लिहिल्या असत्या.

भाऊजी, हा आहे तो विषय. नाली साफ करणं वेगळं. हा विषय नालीतल्या पाण्याला प्रश्न विचारायला शिकवतो.

आणि प्रश्न विचारायची गरज वाढतच चालली आहे. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी नागपुरात येऊन नाग नदी प्रदूषण निवारण प्रकल्पाची पायाभरणी केली. खर्च १९०० कोटींच्या वर. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण पैसे खर्च झाल्यावर नदी सुधारली की नाही हे आपण कशावरून ठरवणार? वासावरून? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि ज्या नदीला आपण नाला म्हणतो ती लोकांच्या बेडरूममध्ये शिरली. माणसं गेली. नदीचं पात्र किती होतं, किती उरलं, पाणी कुठे अडलं, हे प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडले. आठवडाभर. मग दिवाळी आली.

२९ मे २०२३ ला कोराडीच्या नव्या वीज संचांसाठी जनसुनावणी झाली. ६६० मेगावॅटचे दोन संच. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत, म्हणजे मराठीत, लोकांना मिळायला पाहिजे. असा अहवाल शेकडो पानांचा असतो. राख किती, पाणी किती, गंधक किती, सगळं तक्त्यांत. बाजूने बोलणारे, विरोधात बोलणारे, दोन्हीकडे आवाज मोठा होता. पण तक्ता उघडून 'हा आकडा कुठल्या महिन्यात, कुठे मोजला?' असं विचारणारी माणसं आपल्या गावात किती आहेत? मी स्वतः सारांशावरच भागवलं. कंपनीच्या बाजूला शिकलेली माणसं असतात, पगारावर. लोकांच्या बाजूला कोण?

म्हणून भाचीला मी काय सांगितलं ते लिहितो. खोटं नाही सांगितलं. नोकरीचं गणित सोपं नाही. प्रदूषण मंडळात जागा थोड्या निघतात. प्रयोगशाळेत नमुने तपासायचं काम मिळतं, सुरुवातीचा पगार बेताचा. सल्लागार कंपन्या अहवाल तयार करायला पोरं घेतात. नेट-सेट केलं तर शिकवता येतं, पण कायम जागांची परिस्थिती सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सेवादल महिला महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो, अभियांत्रिकी असेल तर व्हीएनआयटीत एम.टेक. आहे, आणि पुढे संशोधन करायचं तर नीरी दारात आहे. बाकी रसायनशास्त्र पक्कं पाहिजे, सांख्यिकी पाहिजे, आणि उन्हात उभं राहायची तयारी पाहिजे. झाडांवर प्रेम आहे म्हणून घेशील तर पहिल्याच सेमिस्टरला कंटाळशील.

भाऊजींनी शेवटी विचारलं, "मग फायदा काय?" मी म्हटलं, "भाऊजी, १९५५ मध्ये दिल्लीच्या त्या केंद्रावर कोणाला तरी वेळेत कळलं असतं की नाल्याचं पाणी उलटं येऊन राहिलं आणि तेवढ्या क्लोरीनने विषाणू मरत नाही, तर त्याचा फायदा किती झाला असता? २९ हजार घरांना विचारा." भाऊजी गप्प बसले. पटलं म्हणून की पान खायचं होतं म्हणून, ते माहीत नाही.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यांसाठी. हिशेब करा. २००४ पासून दरवर्षी शहरातल्या हजारो पोरांनी पर्यावरणाच्या फील्ड वर्कच्या नावावर मार्क घेतले. त्यातल्या नदीकाठच्या दहा कॉलेजांनी जरी एक-एक पूल वाटून घेतला असता, अंबाझरी, सीताबर्डी, अशोक चौक, आणि दर महिन्याला फक्त चार गोष्टी लिहिल्या असत्या, तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, तर आज आपल्याजवळ नाग नदीची वीस वर्षांची कुंडली असती. लोकांची स्वतःची. सरकारी खाती मोजतातच, त्यांनी मोजावं. पण आपल्या वहीतला आकडा असला की त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतं. त्याऐवजी आपल्याजवळ काय आहे? पोळ्याच्या तारखेच्या हजारो वह्या, आणि त्यासुद्धा रद्दीत गेल्या. कोर्टाने बारा वर्षं भांडून मिळवून दिलेली गोष्ट आपण झेरॉक्सच्या दुकानात हरवली.

वेळ गेलेली नाही. २०२३ मध्ये आयोगाने पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला आहे, नव्या धोरणातही या विषयाला क्रेडिट आहेत. प्राध्यापक मंडळींपैकी कोणी वाचत असेल तर हात जोडून विनंती : यंदा पोरांना खरंच नदीवर न्या. वहीत 'जनजागृती' हा शब्द लिहायला बंदी करा. आकडा लिहायला लावा, आणि तारीख खरी असू द्या.

भाचीने परवा फॉर्म भरला. फीचा पहिला हप्ता भाऊजींनीच दिला. काल संध्याकाळी मला म्हणाली, "मामा, चल ना पुलावर, फोटो काढू." अशोक चौकाच्या पुलावर उभे राहिलो. तिने विचारलं, "हे पाणी आधी कसं होतं, कुठे लिहिलेलं आहे का?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजोबा नागेत पोहायचे असं आईकडून ऐकलं आहे, तेवढंच.

तुमच्या घरी कोणी ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचं असेल, नागेचं जुनं पाणी पाहिलेलं, तर त्यांना आज विचारा. पाणी कुठपर्यंत होतं, मासे कोणते मिळायचे, पोहायला कुठे जायचे, कोणत्या साली बंद झालं. सालासकट लिहून मला पाठवा. जुना फोटो असेल तर तोही. मी सगळं एका वहीत उतरवणार आहे. तारीख खरी टाकीन.